उंबऱ्याबाहेरून घेतलेलं माप

गजभिये सर कुठल्याही खोलीत शिरले की आधी छताकडे बघायचे, माणसांकडे नंतर. आमच्या ऑफिसात ते पहिल्यांदा आले तेव्हा मी उठून नमस्कार केला, तर ते माझ्या डोक्यावरून पलीकडच्या कोपऱ्याकडे बघत उभे राहिले. तिथे ओल आली होती. ही कधीपासून आहे, एवढंच त्यांनी विचारलं. परक्या गावात एक मराठी माणूस भेटल्याचा आनंद त्यांनी सवडीने, म्हणजे ती ओल वरच्या मजल्यावरच्या कूलरची आहे हे शोधून काढल्यावर व्यक्त केला.

मी पुण्याहून दिल्लीला येऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. जुन्या इमारतींची दुरुस्ती करणाऱ्या एका छोट्या फर्ममध्ये मी आर्किटेक्ट होते. फर्म अरोरा सरांची. गजभिये सर तिथे आठवड्यातून तीन दिवस सल्लागार म्हणून यायचे. मूळचे भंडाऱ्याकडचे. तरुणपणी सरकारी खात्यात ड्राफ्ट्समन म्हणून दिल्लीत आले, लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये त्यांचा संसार झाला आणि निवृत्तीनंतर ते मयूर विहारच्या एका सोसायटीत राहायला गेले. अडुसष्ट वर्षांचे, बारीक चणीचे, बारा महिने अर्ध्या बाह्यांचा शर्ट. दिल्लीतल्या निम्म्या जुन्या इमारतींचे नकाशे यांच्या हातचे आहेत, असं अरोरा सर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. अतिशयोक्ती होती, पण फार नव्हती.

काळजी करणं हा त्यांचा धर्मच होता म्हणा ना. एखादी भिंत तपासून झाल्यावर मालकाने आशेने विचारलं, "तो सब ठीक है न?" तर सर म्हणायचे, "आज ठीक है." उद्याचं त्यांनी कधी कुणाला लिहून दिलं नाही. मालक लोक वैतागायचे. मीही वैतागायचे, कारण त्यानंतर तासभर मालकाची समजूत मला काढावी लागायची.

माझी आई पुण्याहून आली होती तेव्हा मी सरांना आणि काकूंना जेवायला बोलावलं. मीही मयूर विहारमध्येच राहायचे, भाड्याने. सर आले, पाण्याचा भरलेला पेला घेतला आणि सरळ जमिनीवर ठेवून त्याच्याकडे बघत बसले. आईला वाटलं ही त्यांच्याकडची काही रीत असेल, म्हणून तिनेही आपला पेला हळूच खाली ठेवला. मग मला सांगावं लागलं की सर पाण्यावरून जमिनीचा उतार बघताहेत. उतार अर्धा बोट निघाला. जाताना त्यांनी आईला एवढंच सांगितलं की पलंगावरच्या त्या माळ्याखाली झोपू नका. आईने त्याच संध्याकाळी पलंग ओढला, आणि पुढचे आठ दिवस ती त्या माळ्याकडे डोळे लावून पडलेली असायची. पुण्याला परत गेल्यावर तिने फोनवर पहिली चौकशी माळ्याचीच केली.

फरीदाबादला एका सहकाऱ्याच्या मुलीचं लग्न होतं. हॉलच्या गच्चीखाली पंगत बसली होती. सरांनी वर जाऊन गच्चीच्या कठड्याला हात लावून पाहिला आणि वाढपी मंडळींना गाठून अख्खी पंगत दहा फूट पुढे सरकवली. नवरीचा मामा भडकला. गच्ची काही पडली नाही, अजून उभी आहे. यावर दुसरा कुणी माणूस ओशाळला असता किंवा निदान हसला असता. सर घरी येईपर्यंत मेट्रोत म्हणत होते, वीस फूट सरकवायला हवी होती.

कामात त्यांचा एकच नियम होता, हात लावल्याशिवाय रेघ मारायची नाही. एकदा मी एका भिंतीची जाडी अंदाजाने लिहिली. शेजारची भिंत चौदा इंच, म्हणजे हीही चौदाच असणार. सरांनी कागद बघितला, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "हात लावलास का बेटा?"  मे महिन्याच्या टळटळीत दुपारी त्यांनी मला मेट्रोने पुन्हा त्या जागेवर पाठवलं. भिंत चौदाच इंच निघाली. मी विजयी मुद्रेने परत आले तर त्यांनी नुसती मान हलवली आणि मला बडीशेप दिली. त्या दिवशी मी त्यांना मनातल्या मनात बरंच काही म्हणून घेतलं.

हे सगळं आधी सांगून टाकलं, कारण पुढे जे झालं ते या माणसाच्या हातून झालं हे लक्षात राहायला हवं.

जुन्या शहराच्या बाहेर, रेल्वे स्टेशनापासून चालत दहा मिनिटांवर, दोन रस्ते मिळतात तिथे एक तीन मजली इमारत आहे. इंग्रजांच्या काळातली. खाली दारूचा बार, वर दोन मजल्यांवर सहा बिऱ्हाडं. बांधणाऱ्याने डोकं लावून बांधलेली. रस्त्याचा कोपरा तिरपा कापून बारचं दार त्या तिरप्या बाजूला ठेवलंय, म्हणजे दोन्ही रस्त्यांवरून येणाऱ्याला ते समोर दिसतं. वर राहणाऱ्यांचा जिना मात्र मागच्या गल्लीत. बायकामुलांना बारपुढून जायला लागू नये आणि बारमधून निघणाऱ्यालाही वरच्यांची नजर चुकवायला लागू नये, अशी दोन्हीकडची सोय. छतं लोखंडी गर्डरवर दगडी फरश्या टाकलेली. आणि त्या तिरप्या दाराच्या मधोमध, आत पाऊल टाकलं की समोरच, एक चौकोनी खांब. त्याला चारी बाजूंनी लाकडी तक्तपोशी केलेली आणि वर आरसे बसवलेले. त्याला वळसा घालूनच आत जावं लागायचं.

नव्या मालकाला तो वळसा नको होता. बार बंद करून तिथे मोठं रेस्टॉरंट करायचं, दोन्ही रस्त्यांकडून काचा लावायच्या आणि तो खांब काढून टाकायचा, अशी त्याची योजना. काम आमच्याकडे आलं. जुना सरकारी नकाशा मिळाला होता, तो मी कॉम्प्युटरवर उतरवून घेतला. नकाशात जे भार पेलतं ते काळं भरतात. नुसत्या पार्टिशनला, सजावटीला बारीक रेघ पुरते. हा खांब नकाशात कोरा चौकोन होता. वरचा सगळा भार एका लांब गर्डरवरून दोन बाजूंच्या भिंतींवर जातोय, असं दाखवलेलं. स्ट्रक्चरल इंजिनियरने त्या नकाशावरच हिशेब केला आणि खांब काढायला हरकत नाही असा अहवाल दिला. मीही बारमध्ये सात-आठ वेळा जाऊन आले होते. खुर्च्या मोजल्या, कमानीचे फोटो काढले, मालकाने पाजलेली कॉफी प्यायले. खांबाला हात लावला नाही. नकाशा सरकारी होता ना.

गजभिये सर तेव्हा महिनाभर नातवाच्या जावळासाठी नागपूरला गेले होते. परत आले ते गुरुवारी. खांब रविवारी काढायचा होता. मी मोठ्या हौसेने त्यांच्यापुढे जुन्या नकाशाची प्रत पसरली. ते बराच वेळ बघत राहिले. मग उठले, पाणी प्यायले, परत येऊन बसले. खाली उजव्या कोपऱ्यात ड्राफ्ट्समनची आद्याक्षरं होती, ती मी कधी नीट वाचली नव्हती. आता वाचली, ती त्यांचीच होती.

ते तसेच निघून गेले. शुक्रवारी सकाळी ऑफिसात आले नाहीत. काकूंना फोन केला तर म्हणाल्या, सकाळी साडेसहालाच बाहेर पडले, डबाही नेला नाही, तुझ्याकडे नाहीत का?  दुपारी मी त्या बारमध्ये गेले, तर खांबाला लागून असलेल्या टेबलाशी सर बसलेले. पुढ्यात न प्यायलेला लिंबू सोडा. ते दारूच्या थेंबालाही शिवत नसत हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. 

मी समोर बसले. म्हणाले, "या जागेत मी आज पहिल्यांदा आलो."

मला कळेना. नकाशा तर त्यांनीच काढलेला. मग त्यांनी सांगितलं, अगदी सावकाश, समोरच्या ग्लासकडे बघत.

दिल्लीला निघाले तेव्हा ते चोवीस वर्षांचे होते. त्यांचे वडील दारूत गेले. गाडीला बसण्याआधी आईने त्यांना बुद्धाच्या फोटोपुढे उभं केलं. पंचशील घरात पाळलं जायचंच, दारू पिण्याचा प्रश्नच नव्हता. पण आईने त्याहून पुढची शपथ घ्यायला लावली, की दारूच्या दुकानाचा उंबरा ओलांडणार नाही. दोनच महिन्यांत जुन्या इमारतींची मोजमापं घ्यायचं काम लागलं आणि ही इमारत वाट्याला आली. त्यांनी वरची सहाही घरं मोजली, जिना मोजला, गच्ची मोजली. बारची पाळी आली तेव्हा मात्र ते फुटपाथवर उभे राहिले. टेपचं एक टोक त्यांच्या हातात, दुसरं आतल्या वेटरच्या. वेटर आकडे ओरडून सांगायचा, हे लिहून घ्यायचे. खांबात काय आहे म्हणून त्यांनी बाहेरूनच विचारलं. वेटरने बोटाने ठोकून सांगितलं, लकड़ी है बाबूजी. आवाज बाहेर ऐकू आला, लाकडाचाच होता. त्यांनी कोरा चौकोन काढला. वर गर्डर किती आहेत ते आत जाऊन मान वर केल्याशिवाय दिसणार नव्हतं, म्हणून एकच लांब गर्डर धरला.

"साहेबांनी पहिल्यांदा शाबासकी दिली ती याच नकाशाला," ते म्हणाले.

एवढं बोलून ते बुटाची नाडी बांधायला वाकले. वेटरची पाठ होती. खांबाची तक्तपोशी जमिनीपाशी थोडी कुजली होती, त्या फटीत त्यांनी आपली सहा इंची पोलादी पट्टी सरकवली. आतून टण्‌ असा आवाज आला. त्यांनी पुन्हा एकदा सरकवली. मीही ऐकलं.

त्यानंतरचे दोन दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. मालकाला सांगितलं तर तो म्हणाला, पाण्याचा जुना पाइप असेल. आरसे विलायती आहेत, रविवारी काढायचेच आहेत, तेव्हा बघा. अरोरा सर म्हणाले, अहवाल आपल्या हातात आहे, आता आपणच नकाशा चुकीचा म्हणालो तर फर्म बुडेल. आणि कंत्राटदार टेकू तर देणारच आहे ना? सर म्हणाले, "टेकू देईल. पण कुठे देईल? मी जिथे भार दाखवलाय तिथे." अरोरा सर खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. वाईट माणूस नव्हता तो. घाबरला होता, आणि मीही घाबरले होते, कारण त्या कोऱ्या चौकोनावर आता माझ्याही नावाचा कागद होता. वरची सहा घरं भरलेली होती. काम आठ दिवसांचं, त्यासाठी घरं कशाला रिकामी करायची असं सगळ्यांचं ठरलं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी सर माझ्या टेबलाशी बसून पत्र लिहू लागले. आधी इंग्रजीत लिहिलं, ते फाडलं आणि हिंदीत लिहिलं, म्हणजे वर राहणाऱ्या प्रत्येकाला वाचता येईल. हा नकाशा माझा आहे. मी आत गेलो नव्हतो. खांबात लोखंड आहे, तो उघडून बघितल्याशिवाय काढू देऊ नका. खाली सही, पूर्ण नाव, हुद्दा. मी म्हटलं, सर, आत का गेला नाहीत ते लिहा ना, लोक समजून घेतील. त्यांनी मान हलवली.

"आईचं नाव त्यात नको. तिने मला दारूपासून लांब राहायला सांगितलं होतं, खोटं काढायला नाही."

शनिवारी ते पत्र घेऊन सहाही घरी गेले. अरोरा सरांचं त्यांना उद्यापासून ऑफिसला येऊ नका असं सांगून झालं होतं. मला त्यांनी तसं काही सांगितलं नव्हतं, तरी मी जिना चढताना चार पायऱ्या मागे राहिले. हे लिहायला आता लाज वाटते, पण राहिले. पहिल्या मजल्यावर बरोबर त्या खांबाच्या डोक्यावर मिसेस सेठींचं घर. ऐंशीच्या पुढच्या, एकट्या, लग्न होऊन याच घरात आलेल्या. त्यांनी चष्मा लावून पत्र दोनदा वाचलं. मग विचारलं की म्हणजे इतकी वर्षं मी तुमच्या चुकीवर झोपतेय का? सर म्हणाले, "हाँ जी."  बाईंनी खुर्ची पुढे केली आणि चहा टाकला. तो चहा सरांनी उभ्यानेच घेतला.

रविवारी सकाळी कंत्राटदाराची माणसं आली तेव्हा बारच्या तिरप्या दारात वरची सगळी माणसं उभी होती. मिसेस सेठींना खाली आणायला दोघं लागले होते. आधी खांब उघडा, मग बाकीचं, एवढंच त्यांचं म्हणणं. मालकाने फोनाफोनी केली, आवाज चढवला, शेवटी आरसे उतरवायला सांगितले. चार फळ्या निघाल्या. आत बिडाचा खांब होता, माणसाच्या मांडीएवढा जाड, गंजाने लालभडक झालेला. कंत्राटदाराने शिडी लावून छताखालच्या दोन फळ्या काढल्या आणि बॅटरी मारली. वर एक लांब गर्डर नव्हताच. दोन होते, आणि दोघांची टोकं त्या खांबावर टेकलेली होती.

कंत्राटदार शिडीवरून उतरला आणि त्याने आपल्या माणसांना हातानेच बाहेर जायची खूण केली.  मी सरांकडे बघितलं. ते एका खुर्चीवर बसले होते आणि पहिल्यांदाच छताकडे न बघता जमिनीकडे बघत होते. सुटलो म्हणून तसे बसले असतील असं मला वाटलं. मला तर रडू येत होतं.

नंतर सगळं जागच्या जागी बसलं. खांब राहिला, त्याला रंग दिला, रेस्टॉरंटवाले आता गिऱ्हाइकांना तो कौतुकाने दाखवतात. मालकाने आभार मानले नाहीत. अरोरा सरांनी मात्र स्वतः मयूर विहारला जाऊन सरांना परत बोलावलं. मीही सोबत होते. काकूंनी पोहे केले होते. अरोरा सर म्हणाले, गजभियेजी, तुम्ही आम्हाला वाचवलंत, आता चलो, विसरून जा. सर बशीतले पोहे चमच्याने इकडून तिकडे करत होते.

"त्या वर्षी अशा तीन जागा होत्या," ते म्हणाले. "तिन्ही ठिकाणी मी बाहेर उभा होतो."

ते परत आलेच नाहीत. काकूंकडून कळायचं की रोज जुन्या कागदांत काहीतरी शोधतात, जेवणावर लक्ष नाही. दुसरी जागा त्यांना सापडली, पण ती कधीच पाडून तिथे मोबाइलची दुकानं झालेली. पाडताना कुणाला काही झालं का, हे विचारत ते दोन दिवस त्या बाजारात हिंडले. शेवटी एका चहावाल्याने सांगितलं की काही झालं नव्हतं. तिसऱ्या जागेचं नाव त्यांना आठवत नव्हतं. नकाशाही मिळत नव्हता. मी फोन केला की मला विचारायचे, बेटा, स्टेशनापलीकडे कोपऱ्यावरची इमारत, खाली दारूचा ठेका, हिरवी दारं, तुझ्या बघण्यात आहे का? मी नाही म्हणायचे. खरं सांगायचं तर मी फारसं शोधलंही नव्हतं. मला पुण्यात नोकरी मिळाली होती आणि माझं मन आधीच तिकडे गेलं होतं.

निघायच्या आठवड्यात एका दुपारी मी रिक्षाने स्टेशनाकडून येत होते. एका चौकात सिग्नलला थांबलो. कोपऱ्यावर दारूचा ठेका होता, जाळीपुढे पुरुषांची ही गर्दी. त्या गर्दीत मला अर्ध्या बाह्यांचा शर्ट दिसला. सर कागदांची गुंडाळी छातीशी धरून रांगेत उभे होते. मागचा एकजण त्यांना ढकलत होता, चाचा, पैसे निकालो ना. त्यांचा नंबर आला तेव्हा त्यांनी जाळीतून काहीतरी सांगितलं. आतला माणूस हसला, मग त्याने त्यांच्याकडे नीट बघितलं आणि बाजूचं दार उघडलं. सर दारात क्षणभर थांबले. डोळे मिटल्यासारखे वाटले, पण तेवढ्या लांबून नक्की सांगता येणार नाही. मग ते आत गेले.

मी हाक मारणार तोवर सिग्नल सुटला. मागून हॉर्न सुरू झाले आणि रिक्षा निघाली. मी मागे वळून बघत राहिले. ठेक्याच्या वर दोन मजले होते. पहिल्या मजल्याच्या गॅलरीत एक बाई लहान मुलांचे कपडे दोरीवर वाळत घालत होती, आणि तिची बादली अजून अर्धी भरलेली होती.